आरोग्य निरीक्षक : आपल्या मुलांसाठी एक दुर्लक्षित सेवाक्षेत्र

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी वर्षानिमित्त भोकरदन येथे झालेल्या युवक मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



कोणत्याही सार्वजनिक संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण करणे ही सोपी गोष्ट नाही. त्याबद्दल आजी-माजी विश्वस्तांचे मनःपूर्वक अभिनंदन करतो. व्यवसाय-मार्गदर्शनाचा विषय माझ्याकडे आला, तेव्हा मनात एक विचार आला. आपल्या घरात मुलाच्या भवितव्याची चर्चा निघाली की चार नावे हमखास निघतात : सी.ए., डॉक्टर, इंजिनिअर आणि घरचे दुकान. या चारही क्षेत्रांत आपल्या मुलांनी नाव कमावले आहे. आज मी पाचवे नाव घेऊन आलो आहे. ते म्हणजे शासनाच्या सेवेतील आरोग्य निरीक्षक. नगर परिषदेत त्याला स्वच्छता निरीक्षक म्हणतात, अन्न व औषध प्रशासनात अन्न सुरक्षा अधिकारी, तर प्रदूषण नियंत्रण मंडळात क्षेत्र अधिकारी. नावे निराळी असली तरी काम एकाच जातीचे आहे. माणूस आजारी पडल्यावर त्याच्यावर उपचार करणे हे डॉक्टरांचे काम; तो आजारीच पडू नये म्हणून पाणी, अन्न, हवा, सांडपाणी आणि कचरा यांवर नजर ठेवणे हे या अधिकाऱ्याचे काम.

ज्या गावात आपण बसलो आहोत, त्याचे प्राचीन नाव भोगवर्धन. सांची येथील स्तूपाच्या दानलेखांत भोगवर्धनच्या दात्यांचे उल्लेख आहेत. येथील उत्खननात सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीची तुलना अभ्यासक थेट इटलीतील पाँपेई येथे सापडलेल्या मूर्तीशी करतात. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीही केळणा नदीकाठचे हे गाव व्यापारी पेठ म्हणून नांदत होते. पेठ म्हटली की धान्याचे कोठार आले, बाहेरगावची माणसे आली, जनावरे आली आणि त्यांच्या मागोमाग रोगही आले. म्हणून व्यापार आणि सार्वजनिक आरोग्य यांचा संबंध फार जवळचा आहे, हे व्यापारी समाजाने तरी विसरता कामा नये.

या पदाचा इतिहास थोडक्यात सांगतो. इंग्लंडमधील लिव्हरपूल शहराने १८४४ साली थॉमस फ्रेश यांची 'उपद्रव निरीक्षक' म्हणून नेमणूक केली. अंगणातील घाण, तुंबलेली गटारे, एकेका खोलीत कोंबलेली माणसे यांची पाहणी हे त्यांचे काम होते. पुढे १८५४ मध्ये लंडनमध्ये कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. जॉन स्नो यांनी घरोघर चौकशी करून मृत्यूंचा माग काढला. तो ब्रॉड स्ट्रीटवरील एका पाण्याच्या पंपापाशी पोहोचला. कॉलऱ्याचा जंतू तेव्हा वैद्यकविश्वाने ओळखलेलाही नव्हता. तरी चिकाटीच्या पाहणीतून रोगाचे मूळ सापडू शकले. पुढे तेथील 'उपद्रव निरीक्षका'चा स्वच्छता निरीक्षक झाला आणि विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पर्यावरण आरोग्य अधिकारी झाला. पद तेच राहिले, जबाबदारी मात्र वाढत गेली.

आपल्याकडे मुंबईत १८६५ च्या कायद्याने आरोग्याधिकाऱ्याचे पद आले. त्याची खरी परीक्षा झाली ती १८९६ च्या प्लेगमध्ये. डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवी भागात पहिले रुग्ण ओळखले. मांडवी ही बंदरालगतची, धान्याच्या गोदामांची वस्ती. प्लेग उंदरांवरील पिसवांमुळे पसरतो हे पॉल-लुई सिमोंद यांनी १८९८ मध्ये दाखवून दिले. तत्पूर्वी यंत्रणेने गटारे समुद्राच्या पाण्याने आणि कार्बोलिक आम्लाने धुऊन काढली होती. हेतू चांगला होता. परंतु कारणाचे ज्ञान नसल्याने बिळांतील उंदीर मात्र घराघरांत पांगले.

पुण्यात १८९७ साली काय घडले ते आपण शाळेत शिकलो आहोत. रँड यांच्या अधिकाराखाली सैनिकांकरवी घरांची झडती झाली, लोकांच्या देवघरापर्यंत बूट गेले. परिणामी लोक रुग्ण लपवू लागले आणि संतापाचा शेवट २२ जूनच्या गोळीबारात झाला. त्याच पुण्यात, त्याच साथीत सावित्रीबाई फुले रुग्णांची सेवा करीत होत्या. ती करता करताच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. साथ एकच, शहरही एकच. एकीकडे लोकांचा विश्वास गमावलेली सत्ता होती, तर दुसरीकडे कोणतीही सत्ता हाती नसलेली सेवा. या क्षेत्रात येणाऱ्या तरुणाने या दोन्हींचा अभ्यास करावा. निरीक्षकाच्या हाती कायद्याचा अधिकार असतोच, पण लोकांनी विश्वासाने दार उघडले नाही तर तो अधिकार उंबऱ्याबाहेरच राहतो.

आता आपल्या मराठवाड्याच्या परिचयाचे एक उदाहरण देतो. आपल्यापैकी ज्येष्ठांना 'नारू' हा रोग आठवत असेल. पायाला फोड यायचा आणि त्यातून दोऱ्यासारखी जंत-मादी हळूहळू बाहेर पडायची. कधी कधी ती जवळजवळ मीटरभर लांब असे. त्या वेदनेने माणूस ऐन पेरणीच्या दिवसांत महिना महिना अंथरुणाला खिळून राही. रुग्ण पायऱ्यांच्या विहिरीत किंवा बारवेत उतरला की जंताची पिले पाण्यात सुटत. पाण्यातील बारीक जलपिसू ती गिळत. ते पाणी न गाळता पिणाऱ्याच्या पोटात सुमारे वर्षभराने नवा जंत तयार होई. या रोगावर लस नव्हती आणि जंत मारणारे खात्रीचे औषधही नव्हते.

१९८४ च्या सुमारास देशात नारूचे सुमारे ४० हजार रुग्ण नोंदले गेले होते आणि महाराष्ट्र हे बाधित राज्यांपैकी एक होते. राष्ट्रीय निर्मूलन कार्यक्रमात आरोग्य कर्मचारी गावोगाव फिरले. त्यांनी रुग्ण शोधून काढले आणि त्यांना पाण्यात उतरू दिले नाही. पायऱ्यांच्या विहिरी बंदिस्त केल्या, हातपंप बसवून घेतले, पाण्यात ठरावीक मात्रेत टेमेफॉस टाकले आणि घरोघरी पाणी गाळण्याचे कापड दिले. जुलै १९९६ मध्ये राजस्थानात शेवटचा रुग्ण आढळला आणि फेब्रुवारी २००० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारत नारूमुक्त झाल्याचे प्रमाणित केले. एवढा मोठा रोग देशातून गेला तो लसीने नव्हे, गोळीनेही नव्हे. पाण्याच्या शिस्तीने आणि गाळण्याने गेला. पाणी गाळून पिण्याचा संस्कार आपल्या घरात पिढ्यान् पिढ्या जपला गेला आहे. आपण तो जीवदयेसाठी पाळतो. शासनाच्या कर्मचाऱ्याने तोच आरोग्यासाठी गावोगाव पोहोचवला. म्हणून हे काम आपल्याला परके वाटण्याचे कारण नाही. साधूंच्या पाच समितींमध्ये आहाराविषयी दक्षता सांगणारी एषणा समिती आहे आणि मलमूत्रादींचे विसर्जन निर्जंतुक जागी, काळजीपूर्वक करण्यास सांगणारी उत्सर्ग समिती आहे. अन्न सुरक्षा आणि मलनिःसारण या दोन शाखांचे मर्म याहून निराळे नाही.

दुसरे उदाहरण १९९४ सालचे. ३० सप्टेंबर १९९३ च्या लातूर-धाराशिव परिसरातील भूकंपानंतर जवळपासच्या भागातही लोक घरे सोडून बाहेर राहू लागले. घरात साठवलेले धान्य तसेच राहिले आणि उंदीर वाढले. ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातील मामला गावी गाठीच्या प्लेगचे संशयित रुग्ण आढळले. पाठोपाठ सप्टेंबरमध्ये सुरतमध्ये फुप्फुसाच्या प्लेगने हाहाकार उडवला आणि लाखो लोक शहर सोडून गेले. आपल्यापैकी अनेकांची आडत दुकाने आहेत, गोदामे आहेत. पोती भिंतीपासून थोडी दूर व फळ्यांवर रचावीत, सांडलेले धान्य रोजच्या रोज झाडावे, असे निरीक्षक सांगतो तेव्हा तो आपल्याला त्रास देत नसतो. उंदराला अन्न आणि आसरा मिळाला नाही तर त्याला मारण्याची वेळच कमी येते.

येथे मी त्या प्रश्नाकडे येतो, जो आपल्या घरात सर्वांत आधी विचारला जाईल. 'डास मारायचे, उंदीर मारायचे, कत्तलखान्याची पाहणी करायची, हे काम जैन मुलाने कसे करायचे?' हा प्रश्न टाळण्यासारखा नाही आणि मी तो टाळणारही नाही.

डेंग्यू पसरवणारा एडिस डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अनुकूल हवेत आठ-दहा दिवसांत अंड्यापासून पूर्ण डास तयार होतो. म्हणूनच आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी, रांजण, कूलर रिकामे करून कोरडे ठेवण्याचा 'कोरडा दिवस' पाळायला सांगतात. हा दिवस गावाने मनापासून पाळला तर डास जन्मालाच येत नाही आणि धुराच्या फवारणीची गरज बरीच घटते. चांगला निरीक्षक तोच, ज्याच्या गावात औषध फवारण्याची पाळी कमी येते. मात्र साथ आल्यावर फवारणी करावीच लागते, हेही खरे आहे. अशा वेळी एका बाजूला कीटक आणि दुसऱ्या बाजूला तापाने फणफणलेले लेकरू असते. शासकीय सेवकाला लेकराची बाजू घ्यावी लागते. कत्तलखान्याची व मांसविक्रीच्या दुकानांची पाहणी हीदेखील नगर परिषदेच्या स्वच्छता निरीक्षकाच्या कर्तव्याचा भाग असू शकते. ती आपल्या आवडीनुसार टाळता येत नाही. ज्याच्या मनाला हे अजिबात मानवणार नाही, त्याने नोकरी स्वीकारून कर्तव्यात कुचराई करू नये. त्याने पाणी तपासणीची प्रयोगशाळा किंवा प्रदूषण नियंत्रण ही शाखा निवडावी. निर्णय ज्याचा त्याने, घरच्यांशी आणि गुरुजनांशी बोलून घ्यावा. पण कामाची माहिती न घेता 'हे आपले नव्हे' असे म्हणू नये.

दुसरी अडचण याहून अवघड आहे. आपण व्यापारी आहोत. 'इन्स्पेक्टर आला' या दोन शब्दांनी दुकानातील वातावरण कसे बदलते, हे मी सांगायला नको. निरीक्षक म्हणजे काहीतरी मागणारा माणूस, अशी प्रतिमा आपल्या मनात आहे. तशी माणसे असतातही. पण त्यावर उपाय कोणता? या खुर्चीत सचोटीची माणसे बसली पाहिजेत असे आपण म्हणतो आणि आपल्या सचोटीच्या मुलांना मात्र त्या खुर्चीपासून दूर ठेवतो. मग ती माणसे यायची कोठून? महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ प्रत्येक शासकीय कर्मचाऱ्याकडून निरपवाद सचोटीची अपेक्षा करतात. अस्तेय आणि अपरिग्रह ही अणुव्रते ज्याने लहानपणापासून ऐकली, त्याला ही भाषा नवी वाटू नये.

मात्र त्याची किंमत समाजालाही मोजावी लागेल. उद्या आपलाच पुतण्या अन्न सुरक्षा अधिकारी झाला आणि त्याने काकांच्या दुकानातील तेलाचा नमुना घ्यायचे ठरवले, तर काका काय म्हणतील? 'घरचा माणूस असून एवढेही करीत नाही' असे म्हणतील, की 'घे बाबा, नियमाप्रमाणे घे' असे म्हणतील? अधिकाऱ्याने अशा वेळी आपले नाते वरिष्ठांना लेखी कळवून ती तपासणी दुसऱ्याकडे सोपवण्याची विनंती करावी, हा सरळ मार्ग आहे. नातेवाइकांनी मात्र त्याच्याकडे कोणताही शब्द टाकू नये. मुलाला या सेवेत पाठवायचे असेल, तर हे आधीच मनाशी पक्के केले पाहिजे. नाहीतर आपणच त्याला पहिल्या वर्षी मोहात पाडू आणि पाचव्या वर्षी त्याला नावे ठेवू.

प्रत्यक्ष काम कसे असते? आपल्या तालुक्याचेच घ्या. २०१२-१३ च्या दुष्काळात जालना जिल्हा टँकरवर जगला, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. टँकर भरतो कोठून, त्या विहिरीभोवती घाण आहे का, त्यात गावात टीसीएल म्हणतात ती ब्लीचिंग पावडर योग्य प्रमाणात पडली का, हे पाहावे लागते. पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास तरी थांबावे लागते. नंतर ओ.टी. चाचणीत पाण्याला पिवळसर रंग आला की क्लोरिन शिल्लक आहे असे समजते. नळाच्या शेवटच्या टोकाला ते दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे, असे भारतीय मानक सांगते. ही पावडर दमट, उघड्या जागी ठेवली की तिच्यातील क्लोरिन उडून जातो. पोते भरलेले दिसते, पण गुण गेलेला असतो. म्हणून निरीक्षक पोत्यांची संख्या मोजून थांबत नाही, पावडर कोरड्या जागी बंद ठेवली आहे का तेही पाहतो. ग्रामपंचायतींच्या पाणी स्रोतांची पाहणी करून जोखमीनुसार लाल, पिवळे, हिरवे कार्ड दिले जाते. लाल कार्ड मिळालेल्या गावात पुन्हा पुन्हा जावे लागते, सरपंचांना समजवावे लागते, गळकी जलवाहिनी दुरुस्त होईपर्यंत पाठपुरावा करावा लागतो.

याशिवाय सफाई कामगारांची जबाबदारी असते. २०१३ च्या कायद्याने हाताने मैला उचलायला लावणे, तसेच संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा शौचटाकीत उतरवणे हा गुन्हा ठरवला आहे. टाकीतील विषारी वायूने क्षणात माणसे दगावतात; पहिल्याला वाचवायला उतरलेला दुसराही जातो. 'लवकर उरकून टाका' असा दबाव आला तरी 'यंत्र आल्याशिवाय कोणीही आत उतरणार नाही' असे ठामपणे सांगणारा अधिकारी त्या दिवशी एखाद्या घराचा कर्ता माणूस वाचवतो. त्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात येत नाही. टळलेल्या आजाराची आणि टळलेल्या मृत्यूची बातमी होत नसते. ज्याला लगेच नाव हवे आहे, त्याने हे क्षेत्र निवडू नये.

आता मार्ग सांगतो. बारावीनंतर स्वच्छता निरीक्षक पदविका हा एक वर्षाचा अभ्यासक्रम करता येतो. १९२६ साली मुंबईत स्थापन झालेली अखिल भारतीय स्थानिक स्वराज्य संस्था तो अनेक वर्षे चालवीत आली आहे. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमध्येही आरोग्य स्वच्छता निरीक्षक हा एक वर्षाचा व्यवसाय-अभ्यासक्रम आहे. केवळ पदविकेवर न थांबता पदवी पूर्ण करावी, असा माझा आग्रह आहे. नगर परिषदांच्या राज्यस्तरीय संवर्गात स्वच्छता निरीक्षकाचे पद असून २०२३ च्या भरतीतही त्याचा समावेश होता. जालना शहराची २०२३ मध्ये महानगरपालिका झाली. महानगरपालिकांतही ही पदे असतात. जिल्हा परिषदेत आरोग्य सेवक म्हणून लागलेला तरुण पुढे आरोग्य सहाय्यक, पर्यवेक्षक अशा पायऱ्या चढू शकतो.

विज्ञान शाखेच्या मुला-मुलींना आणखी दोन वाटा आहेत. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम २००६ हा ५ ऑगस्ट २०११ पासून अमलात आला. त्याखालील अन्न सुरक्षा अधिकारी पदासाठी अन्न तंत्रज्ञान, दुग्ध तंत्रज्ञान, जैवतंत्रज्ञान, कृषी, सूक्ष्मजीवशास्त्र, जीवरसायनशास्त्र यांपैकी एखादी पदवी किंवा रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी उपयोगी पडते. ही निवड लोकसेवा आयोगामार्फत होते. दुसरी वाट १९७० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची. जालन्यातील पोलाद उद्योग आपण जाणतो. रोजगार टिकावा आणि धूर कमी व्हावा, या दोन्ही गोष्टी एकत्र साधण्याचे काम तेथे करावे लागते. प्रत्येक भरतीत वयोमर्यादा, अर्हता, परीक्षेचे स्वरूप बदलू शकते. म्हणून जाहिरात स्वतः, मूळ स्वरूपात वाचावी. ऐकीव माहितीवर अर्ज करू नये आणि नोकरी लावून देतो म्हणणाऱ्या कोणालाही एक रुपयाही देऊ नये.

मुलींना विशेष सांगतो. स्वयंपाकघर, पाणी, पाळणाघर, शाळेतील पोषण आहार येथे स्त्री अधिकाऱ्याशी घरातील बाई मोकळेपणाने बोलते. हे क्षेत्र तुमचेही आहे.

शेवटी ट्रस्टला दोन नम्र सूचना करतो. पहिली, ट्रस्टच्या ग्रंथालयात स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांसोबत सार्वजनिक आरोग्य व स्थानिक स्वराज्य या विषयांच्या पुस्तकांचा एक कप्पा असावा आणि दरवर्षी एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या पदविकेच्या शुल्काचा भार ट्रस्टने उचलावा. विद्यार्थी कोणत्याही समाजाचा असो. दुसरी, आपल्या सामुदायिक भोजनाचा दिवस हीच पहिली प्रयोगशाळा समजावी. आपल्या युवकांनी त्या दिवशी वहीत नोंद ठेवावी : पाणी कोठून आणले, आचाऱ्यांनी हात धुतले का, स्वयंपाक किती वाजता उतरला आणि पंगत किती वाजता बसली, उरलेले अन्न कोठे गेले, पत्रावळी कोठे टाकल्या. शिजवलेले अन्न साध्या हवेत तासन् तास ठेवले की त्यात जंतू झपाट्याने वाढतात, हे त्यांना पुस्तकापेक्षा त्या वहीतून अधिक चांगले कळेल. ज्या मुलाला किंवा मुलीला ती नोंद करण्यात गोडी वाटेल, तिला किंवा त्याला या क्षेत्राची वाट आपोआप सापडेल.

पुढील पन्नास वर्षांत आपल्या समाजातून डॉक्टर घडोत, व्यापारी घडोत, विद्वान घडोत. त्यांच्या यादीत गावाच्या पाण्याची राखण करणारे चार-दोन सचोटीचे अधिकारीही असावेत, एवढीच अपेक्षा व्यक्त करतो.